रोज एक वचन वाचतो, रविवारी उपदेश ऐकतो; मग बायबलचा वेगळा अभ्यास कशाला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही ख्रिस्ती घरात वाढलात. बायबल एकदा उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत वाचून झालंय. रविवारची उपासना सहसा चुकत नाही, आणि रोज सकाळी फोनवर एक वचन येतं, ते वाचून तुम्ही कामाला लागता. तरीही पाळकांचा आग्रह आहे की नियमित अभ्यास करा. तुम्ही दोन-तीनदा सुरुवात केलीत, काही आठवड्यांनी खंड पडला, आणि आता बायबल हातात घ्यायचं म्हटलं की आधी अपराधीच वाटतं. "जे लहानपणापासून माहीत आहे तेच पुन्हा पुन्हा वाचून नेमकं काय साधतं?" असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक शंकाही जोडली आहे: यहोशवा, शास्ते अशी पुस्तकं नीट वाचायला घेतली आणि विश्वासच डळमळला तर?

मी बरीच वर्षं मंडळीत बायबल अभ्यासवर्ग घेतो, अधूनमधून उपदेश करतो, आजारपणात आणि दुःखात असलेल्या कुटुंबांना भेटायला जातो. हा प्रश्न विचारणारी माणसं विश्वासात थंड पडलेली असतात असं मला कधी वाटलं नाही. देखल्या देवा दंडवत त्यांना नको असतो, म्हणून ती विचारतात.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. अभ्यासाचा उपयोग काय, ही एक. तो केला नाही तर देव आपल्यावर नाराज होतो का, ही दुसरी. दुसरी आधी सोडवू, कारण ती मनात असेपर्यंत पहिलीचं उत्तर आत शिरत नाही. बायबल वाचून कोणाचं तारण होत नाही. येशूच्या शेजारी क्रूसावर खिळलेल्या ज्या गुन्हेगाराला त्याच दिवशी सुखलोकाचं अभिवचन मिळालं, त्याच्याकडे वाचलेल्या अध्यायांचा हिशेब नव्हता. "माझी आठवण कर" एवढंच त्याने येशूकडे मागितलं होतं. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे आहे, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अगदी स्वच्छ लिहिलंय. तेव्हा सुटलेले दिवस भरून काढायचं कर्ज तुमच्या डोक्यावर नाही. ज्या दिवशी पुन्हा बसाल तिथून पुढे चालू करा.

आता पहिली गोष्ट. "मला माहीत आहे" असं आपण म्हणतो तेव्हा काय माहीत असतं? ख्रिस्ती घरात वाढलेल्यांना बहुधा दावीद आणि गल्याथ ठाऊक असतात, उधळ्या पुत्राचा दाखला ठाऊक असतो, तेविसावं स्तोत्र तोंडपाठ असतं, योहान ३:१६ तर झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. हे थोडं नाही. ज्यांनी हे आपल्या कानांवर घातलं त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण हे तुकडे आहेत, आणि ते कोणीतरी निवडलेले आहेत. निवडलेले तुकडे आपल्याला बहुतेक वेळा तेच सांगतात जे आपल्याला ऐकायचं असतं. सलग वाचायला लागलं की मग देवाला काय सांगायचं आहे ते समोर येतं. नियमित अभ्यासाची बाकी सगळी कारणं मला या एकातूनच निघताना दिसतात.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. तुमच्या फोनवरही ते येऊन गेलं असेल. परमेश्वर म्हणतो की तुमच्याविषयीचे माझे संकल्प मला ठाऊक आहेत, ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते तुम्हाला आशा देणारे आहेत. परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, लग्नाच्या शुभेच्छांत हे वचन पाठवलं जातं. आता त्याच्या आजूबाजूचं वाचा. ही एका पत्रातली ओळ आहे. यिर्मयाने ते यरुशलेमेहून लिहिलंय, आणि ते लिहिलंय बाबेलला पाडाव करून नेलेल्या लोकांना. त्यांचा राजा धरून नेलेला, मंदिरातली पात्रं शत्रूच्या देशात, घरदार मागे सुटलेलं. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सर्व लोकांसमोर छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत पात्रंही परत येतील आणि माणसंही. लोकांना तेच ऐकायचं होतं. यिर्मयाचं पत्र मात्र म्हणतं: घरं बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. कारण? दहाव्या वचनात आहे: सत्तर वर्षं पूर्ण व्हायची आहेत. आणि लगेच अकराव्यात हिताचे संकल्प.

सत्तर वर्षं म्हणजे ते पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती. हिताचे संकल्प खरे होते, पण ते मुलानातवंडांच्या वाट्याला यायचे होते, आणि तोवर शत्रूच्या नगरात बाग लावून तिची फळं खायची होती. हे समजल्यावर त्या वचनाची किंमत कमी होते असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. दहा दिवसांत दुःख संपलं नाही तरी हे वचन हातातून सुटत नाही, कारण ते दहा दिवसांचं नव्हतंच. "थोडी कळ काढा, लवकरच सगळं जागेवर येईल" हे हनन्याचं बोलणं होतं. आपण वचन यिर्मयाचं पाठवतो आणि त्यात अर्थ हनन्याचा भरतो. मग नोकरी गेलेल्या माणसाला महिन्याभरात दुसरी मिळाली नाही की तो म्हणतो, देवाने शब्द पाळला नाही. देवाने तो शब्द दिलेलाच नसतो. या एका गैरसमजापायी विश्वासापासून दूर गेलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि म्हणूनच हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे.

याचीच दुसरी बाजू अशी की ज्या तुकड्यांची आपल्याला खरी गरज असते ते आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. एका घरी माझं बरेच दिवस जाणं-येणं होतं. त्यांचं मूल गेलं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण आशेचं एखादं वचन सांगून जायचा, आणि त्या बाई मान हलवायच्या. प्रार्थना त्यांना करता येत नव्हती. तोंड उघडलं की देवाची तक्रारच बाहेर पडेल, अशी भीती त्यांना वाटत होती. एका भेटीत मी फारसं काही न बोलता ८८वं स्तोत्र वाचलं. ते "माझ्या उद्धारक देवा" अशा हाकेने सुरू होतं, आणि पुढे रात्रंदिवस आरोळी मारणं, खोल खड्डा, देवाने तोंड लपवणं, जिवलग दुरावणं असं करत करत शेवटच्या ओळीत अंधारापाशी थांबतं. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी येणारा भरवशाचा सूर इथे येत नाही. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे बायबलमध्ये आहे?" मग पुस्तक मागून घेतलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती दोनदा वाचली. त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली, त्याच स्तोत्रातले शब्द घेऊन.

आयुष्यभर मंडळीत येणाऱ्या बाई होत्या त्या. त्यांना ते स्तोत्र ठाऊक नव्हतं, कारण ते कोणी शुभेच्छापत्रावर छापत नाही आणि फोनवर सकाळी पाठवत नाही. तक्रारही प्रार्थना असू शकते, देवाने ती स्वतःच्या पुस्तकात जपून ठेवली आहे, हे कळायला त्यांना इतका मोठा घाव सोसावा लागला. स्तोत्रसंहिता पहिल्यापासून १५०व्या स्तोत्रापर्यंत क्रमाने वाचणाऱ्याला ते आधीच भेटलेलं असतं.

उपदेशाबद्दलही बोलायला हवं, आणि मी स्वतः उपदेश करतो म्हणून मोकळेपणाने बोलतो. उपदेश महत्त्वाचाच आहे, त्याला पर्याय म्हणून मी अभ्यास सुचवत नाही. पण उपदेशकही निवड करतो. वर्षात ५२ रविवार, आणि ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये १,१८९ अध्याय. त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवणारा माणूस कितीही प्रामाणिक असला तरी त्याचे आवडते विषय असतात, त्याची टाळाटाळ असते. कोणाच्या मंडळीत सतत आशीर्वादावर बोललं जातं, कोणाच्या सतत पापावर. नुसतं ऐकणाऱ्याला आपल्या उपदेशकाचा देव कळतो, आणि तो किती पुरा आहे हे ताडून पाहायचं साधन त्याच्या हाती राहत नाही. बिरुया नगरातले लोक आठवा. थेस्सलनीकेहून निघून प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला तिथे पोचले. पौलासारखा माणूस शिकवतोय, तरी त्या लोकांनी उत्सुकतेने ऐकलं आणि या गोष्टी अशाच आहेत का, हे पाहण्यासाठी दररोज शास्त्रात शोध केला. प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये याला अविश्वास म्हटलेलं नाही. त्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून ते नोंदवलंय. चांगल्या पाळकाला असे श्रोते हवे असतात. आणि शिकवणाराच वाट चुकलेला असेल, वचनाच्या नावाखाली पैसा किंवा धाक चालवत असेल, तर मंडळीचं रक्षण अशाच श्रोत्यांमुळे होतं.

या संदर्भात जुन्या करारातला एक प्रसंग मला फार अस्वस्थ करतो. २ राजे २२ मध्ये योशीया राजाच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असते, आणि मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो. कुठे? परमेश्वराच्या मंदिरात. शाफान चिटणीस तो राजाला वाचून दाखवतो, आणि राजा आपली वस्त्रं फाडतो. मंदिर जागेवर होतं, याजक होते, द्वारपाळ पैसे गोळा करत होते. ग्रंथ तेवढा हरवला होता, आणि तो हरवलाय याची कोणाला खंतही नव्हती. उपासना चालू राहूनही हे होऊ शकतं. आपल्या घरी बायबलच्या चार प्रती असतानाही होऊ शकतं.

"पण मी एकदा पूर्ण वाचलंय," असं तुम्ही म्हणालात. एकदा वाचल्याने गोष्टी कळतात. त्यांची वीण दिसायला परत यावं लागतं. मार्ककृत शुभवर्तमानातली एक जागा दाखवतो. दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहोबाहेर आंधळा बार्तीमय वाटेच्या कडेला बसलेला असतो. तो ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, तो अधिकच मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो आणि विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेत ऐकलेली असते. आता दहा-पंधरा वचनं मागे जा. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ, येशूचे शिष्य, त्याच्याजवळ येतात, आम्ही जे मागू ते कर म्हणतात, आणि येशू त्यांनाही जवळजवळ त्याच शब्दांत विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावं अशी तुमची इच्छा आहे? एकाच अध्यायात हा प्रश्न दोनदा. शिष्य म्हणतात, तुझ्या वैभवात आम्हाला तुझ्या उजवीकडे आणि डावीकडे बसू दे. आंधळा म्हणतो, मला पुन्हा दिसू दे.

इथे माणूस थांबतो. मग मागे आणखी शोधतो. आठव्या अध्यायात बेथसैदाला एक आंधळा आहे, त्याला दोन टप्प्यांत दृष्टी येते. मधल्या टप्प्यात त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसतात. त्या आंधळ्यापासून बार्तीमयापर्यंतच्या भागात येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो, ८:३१, ९:३१ आणि १०:३३ मध्ये, आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते उमगत नाही. पहिल्या वेळी पेत्र त्यालाच दटावतो, दुसऱ्या वेळी शिष्य आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात, तिसऱ्या वेळी हे दोघे भाऊ आसनं मागतात. दोन आंधळ्यांच्या मध्ये डोळे असून न दिसणारे शिष्य मार्कने मांडून ठेवले आहेत. आता पुढे पंधराव्या अध्यायात या. येशूबरोबर दोन लुटारू क्रूसावर खिळले जातात, एक उजवीकडे आणि एक डावीकडे. त्या दोघा भावांना तुम्ही काय मागता हे तुम्हाला कळत नाही, असं येशू का म्हणाला, ते इथे लख्ख कळतं.

हे सगळं माझ्या वर्गात एका बसण्यात कोणाला दिसलं नाही. एकाला दोन प्रश्न दिसले, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कोणी "उजवीकडे-डावीकडे" शोधून आणलं. पण दिसल्यावर त्या खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते, कारण प्रत्येक जण स्वतःशी विचारत होता: येशूने हाच प्रश्न मला केला तर माझ्या तोंडून काय निघेल? तुम्ही विचारलंत ना, माहीत असलेलं पुन्हा वाचून काय साधतं? हे साधतं.

आणखी एक कारण आहे, ते वेळेचं. संकट आल्यावर बायबल उघडून उत्तर शोधणं फार अवघड जातं. मन थाऱ्यावर नसतं, डोळ्यांसमोर अक्षरं असतात पण वाचलं जात नाही. त्या वेळी आत जे साठलेलं असेल तेच वर येतं. अरण्यात चाळीस दिवस उपाशी असताना येशूची परीक्षा झाली, तेव्हा त्याने दिलेली तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या ते आठव्या अध्यायांतली होती. तीच का? कारण तो भाग अरण्याविषयीच आहे: चाळीस वर्षं देवाने इस्राएलाला अरण्यात का चालवलं, भूक का लागू दिली, मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, का दिला. येशूला सुटं वचन आठवलं असं नाही, तो सगळा उताराच त्याच्या मनात जिवंत होता. दुसऱ्या बाजूने सैतानही शास्त्रच बोलतो, आणि तेही ९१वं स्तोत्र. संदर्भातून उचललेल्या वचनाने काय करता येतं याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्याचं ते गाणं, आणि त्यातून उडी मारून देवाची परीक्षा पाहण्याचं आमंत्रण तयार होतं. पुढे क्रूसावरही येशूच्या तोंडी स्तोत्रं आली, २२वं आणि ३१वं. त्या घटकेला ती शोधायला कोणाला सवड होती?

इथवर आल्यावर एक इशारा द्यायलाच हवा. अभ्यास वाढला की अभ्यासाचाच अभिमान येतो. योहान ५:३९-४० मध्ये येशू शास्त्राचे जाणकार असलेल्यांना म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख शोधून पाहता, ते माझ्याविषयीच साक्ष देतात, तरी जीवन मिळावं म्हणून माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही. अक्षर न् अक्षर माहीत आणि ज्याच्याविषयी ते आहे तो समोर उभा, तरी ओळख नाही. माझ्या पाहण्यात अशी माणसं आहेत ज्यांना वचनांचे क्रमांक पाठ आहेत आणि ज्यांच्याशी घरातली माणसं बोलायला घाबरतात. म्हणून वर्गात मी शेवटी एवढंच विचारतो: आज वाचलं त्यामुळे या आठवड्यात कोणाशी वेगळं वागायचं आहे? उत्तर नाव घेऊन द्यायचं, मोठ्याने नाही, मनात.

आता, काय परिस्थितीवर अवलंबून आहे? बरंच काही. "रोज पहाटे अर्धा तास" असा नियम बायबलमध्ये कुठे नाही. पहिलं स्तोत्र आणि यहोशवा १:८ रात्रंदिवस मनन करायला सांगतात, पण ते घड्याळ लावून सांगत नाहीत. तान्हं मूल असलेल्या आईला, रात्रपाळी करणाऱ्याला, आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला एकच मोजमाप लावणं अन्यायाचं आहे. वाचता न येणाऱ्याला किंवा दृष्टी अधू झालेल्याला ऐकण्याची वाट मोकळी आहे, आणि ती कमी दर्जाची नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यावर युरोपात छपाई सुरू होण्याआधी स्वतःची प्रत बाळगणारे फार थोडे होते. विश्वासी लोक ऐकत, पाठ करत, आपसांत बोलत. नव्या करारातली पत्रंही मंडळीत मोठ्याने वाचली जावीत म्हणून लिहिली गेली. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात वाचून दाखवणाऱ्याबरोबर ऐकणाऱ्यांनाही धन्य म्हटलंय. मन फार खचलेलं असेल, झोप-जेवण उडालं असेल, तर मोठा अभ्यास बाजूला ठेवा, एखादं छोटं स्तोत्र पुरे, आणि डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका. ज्यांना प्रत्येक चुकलेल्या दिवसाची धास्ती बसते त्यांना तर मी आठवड्यातला एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवायला सांगतो.

सवय कशी लावायची, यावर माझं मत थोडं ठाम आहे. वर्षभरात पूर्ण बायबल संपवायची योजना नवख्याने घेऊ नये. रोज तीन-चार अध्याय होतात, माणूस 'निर्गम' या दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धातल्या निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मोजमापांपर्यंत पोचतो, मागे पडतो, आणि मग वाचन म्हणजे थकबाकी होऊन बसते. तुमचं दोन-तीनदा सुटलं त्यामागे बहुधा हेच असेल. त्याऐवजी एक पुस्तक घ्या आणि त्यात राहा. नव्या करारात २६० अध्याय आहेत; आठवड्याला पाच धरले तर एका वर्षात तो होतो आणि दर आठवड्याला दोन दिवस हाताशी उरतात. पण मी तर म्हणेन, तेवढीही घाई नको. मार्क घ्या. सोळा अध्याय. आधी दीड-दोन तास काढून एका बैठकीत सगळं वाचा, जमल्यास मोठ्याने. मग पहिल्यापासून सावकाश, एका वेळी एकच प्रसंग.

बसल्यावर काय करायचं? वहीत तारीख आणि उतारा लिहा. उताऱ्यात कोण कोणाशी बोलतंय, आधी काय घडलंय, कोणता शब्द किंवा प्रश्न पुन्हा आलाय, हे टिपा. काय कळलं नाही ते प्रश्नचिन्ह करून सोडा, तिथे अडून बसू नका. अर्थ लावायच्या आधी पाहणं, यावर मी फार भर देतो, कारण आपल्याला अर्थाची घाई असते आणि त्या घाईत आपण जुनाच अर्थ पुन्हा वाचतो. दुसरं भाषांतर हाताशी असेल तर अडलेल्या ठिकाणी पडताळून पाहा. शेवटी जे वाचलं त्याच शब्दांत दोन ओळींची प्रार्थना. वीस मिनिटं होतात. आठवड्यातले चार-पाच दिवस असे गेले तर मला ते पुरेसं वाटतं. आणि जमलं तर एखादा सोबती गाठा. हबशी षंढ रथात बसून यशया वाचत होता, आणि फिलिप्पाने समजतंय का असं विचारल्यावर त्याने सरळ सांगितलं की कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसं समजेल. एवढा मोठा अधिकारी, त्याला विचारायची लाज वाटली नाही.

कधीकधी आठवडेच्या आठवडे काही वाटणार नाही. वाचाल, लिहाल, उठाल. ते चालतं. मनाला काही जाणवणं ही देणगी आहे, ती मागून मिळतेच असं नाही. ८८वं स्तोत्र मी त्या घरी वाचलं, त्याच्या खूप आधी ते असंच एका कोरड्या दिवशी माझ्या वाचनात येऊन गेलं होतं आणि तेव्हा त्याने मला काहीही केलं नव्हतं.

राहिली तुमची शेवटची शंका. यहोशवा आणि शास्ते वाचून धक्का बसेल, बसायलाच हवा. शास्तेच्या १९व्या अध्यायातला अत्याचार वाचून ज्याचं मन हलत नाही त्याने तो नीट वाचला नाही. पण पुस्तक पूर्ण वाचा: ते या गोष्टींचं कौतुक करत नाही, त्या काळी इस्राएलात राजा नव्हता आणि प्रत्येक जण स्वतःला बरं दिसेल तसं करी, अशा शब्दांत ते संपतं. म्हणजे ती आरोपाची कागदपत्रं आहेत. यहोशवातली युद्धं मला अधिक जड जातात, आणि त्यांचं एका परिच्छेदात बसणारं उत्तर मी देणार नाही. त्याच पुस्तकात शत्रूच्या यरीहो नगरातली राहाब ही बाई बचावते, आणि तिचं नाव मत्तयच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत आहे, हे मी समोर ठेवतो. यहोशवा उपसलेली तलवार घेऊन उभ्या असलेल्या पुरुषाला विचारतो, तू आमच्या बाजूचा की शत्रूच्या, आणि त्याचं उत्तर "नाही" असं येतं, हेही समोर ठेवतो. प्रश्न तरीही उरतो. तो वहीत प्रश्नचिन्हासह राहू द्या आणि पाळकांसमोर किंवा अभ्यासगटात मांडा. हबक्कूक संदेष्ट्याने तर आपले प्रश्न थेट देवालाच विचारले, आणि ते बायबलमध्ये आले. माझ्या वर्गातल्या ज्यांनी असे प्रश्न उघड विचारले ते टिकले आहेत. दडपून ठेवणाऱ्यांचीच मला काळजी वाटते. या पुस्तकांकडे मात्र मार्क झाल्यावर, आणि सोबत कोणीतरी असताना वळा. मधल्या काळात लूक आणि रूथ घेतलंत तर उत्तम. रूथ चारच अध्यायांची आहे, शास्त्यांच्याच काळात घडते, आणि त्या काळोख्या दिवसांत साधी माणसं एकमेकांशी किती भलेपणाने वागू शकत होती ते दाखवते.